न्यूयॉर्कचा जुना सबवे डबा कसा समजून घ्यावा: दारं, खटके आणि मोटरमनची केबिन

ब्रुकलिनच्या डाउनटाउन भागात बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्न स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे एक जिना खाली उतरतो. वरून पाहिलं तर साधं सबवे स्टेशनच वाटतं. कोर्ट स्ट्रीट नावाचं हे स्टेशन १९३६ साली सुरू झालं, पुरेसे प्रवासी मिळेनात म्हणून १९४६ मध्ये बंद झालं आणि १९७६ पासून तिथे न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम आहे. खालच्या फलाटाच्या दोन्ही बाजूंना जुने डबे रुळांवर उभे आहेत. न्यू जर्सीत मुलगी-जावई किंवा भाऊ-वहिनी आहेत अशा मराठी घरांतून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी न्यूयॉर्कला जातंच. त्यांतले काही जण इथे येतात, वेताच्या सीटवर बसून फोटो काढतात, जुन्या जाहिराती वाचतात आणि तासाभरात वर जातात.

त्या डब्यांचं खरं मोल दारांत आणि केबिनमध्ये आहे. मुंबईच्या लोकलने ज्यांनी प्रवास केलाय त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं: मोटरमन, गार्ड, दोन बेल वाजल्या की गाडी सुटते. तेवढ्या भांडवलावर इथला प्रत्येक डबा उलगडता येतो. आत शिरताना एकच प्रश्न सोबत ठेवायचा: शेवटच्या डब्याचं शेवटचं दार बंद झालं, हे मोटरमनला कोण सांगतं आणि कसं? दार आणि वेग ही दोन वेगळी खाती नाहीत. दाराची खात्री झाल्याशिवाय वेगाला हात घालायचा नाही, हा इथला पहिला नियम. तो पाळण्याची पद्धत मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेली.

पायरी १: डबे कोणत्या क्रमाने पाहायचे

डबे जसे उभे आहेत तसे पाहत गेलात तर काही हाती लागणार नाही, कारण मागचा-पुढचा काळ शेजारी-शेजारी उभा असतो. प्रत्येक डब्याजवळ साल लिहिलेलं असतं, ते पाहून क्रम लावा. आधी उघड्या टोकाचा लाकडी गेट कार. मग आयआरटी कंपनीचा डबा, शक्यतो लो-व्ही (या नावाचा अर्थ पायरी ६ मध्ये). त्यानंतर बीएमटीचा लांबलचक स्टँडर्ड आणि मग आयएनडीचा आर-१. पन्नासच्या दशकानंतरचे डबे सर्वांत शेवटी. काही डबे अधूनमधून फेऱ्यांसाठी बाहेर गेलेले असतात, त्यामुळे एखादा जागेवर नसेल तर त्याच्या जवळच्या सालाचा डबा पाहा.

आयआरटी, बीएमटी, आयएनडी ही तीन नावं एवढ्यासाठी महत्त्वाची की न्यूयॉर्कची सबवे एका हाताने बांधलेली नाही. पहिल्या दोन खासगी कंपन्या. आयआरटी १९०४ साली धावू लागली आणि तिचे डबे अरुंद आहेत. बीएमटीचे बोगदे रुंद, म्हणून १९१४ पासून आलेले तिचे स्टँडर्ड डबे ६७ फूट लांब आणि १० फूट रुंद. आयएनडी ही शहराने स्वतः बांधलेली, १९३२ मध्ये सुरू झाली. तिन्ही १९४० मध्ये एका छत्राखाली आल्या, पण दारांच्या सवयी ज्याच्या त्याच्या राहिल्या.

पायरी २: गेट कारच्या टोकाला उभे राहा

या डब्याला बाजूला दारंच नाहीत. दोन्ही टोकांना उघडी गच्ची आहे, लोखंडी फाटक आहे, आणि फाटकाला जोडलेला एक दांडा आहे. पुलावरून धावणाऱ्या एलिव्हेटेड गाड्यांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे डबे होते आणि ब्रुकलिनमध्ये ते पन्नासच्या दशकापर्यंत टिकले.

दोन डब्यांच्या मधल्या जागेत गार्ड उभा राही. एका हातात या डब्याचा दांडा, दुसऱ्या हातात त्या डब्याचा. स्टेशन आलं की दोन्ही दांडे खेचून फाटकं उघडायची, माणसं चढली-उतरली की लोटून बंद करायची. आता आपला प्रश्न विचारा. मोटरमनला कोण सांगतं? उत्तर तुमच्या डोक्याच्या वर आहे: दोरी आणि घंटा. सर्वांत मागच्या गार्डने आपली फाटकं लावली की तो दोरी ओढी, आणि पुढच्या गार्डच्या डोक्यावरची घंटा वाजे. त्याची स्वतःची फाटकं बंद असतील तरच तो पुढच्याला घंटा देई. असा निरोप डब्यामागून डबा पुढे सरकत शेवटी मोटरमनपाशी पोहोचे, आणि मग गाडी हले.

इथे दोन मिनिटं थांबा आणि माणसं मोजा. पाच डब्यांची गाडी म्हटली तरी मधल्या चार जागांवर चार माणसं. प्रत्येक स्टेशनवर प्रत्येकाचे दोन्ही हात कामात, हिवाळ्यातल्या बर्फातसुद्धा. एकाने घाई केली तर पुढच्या सगळ्यांची खबरदारी फुकट. यानंतर दारांत जे बदल झाले, ते सगळे ही साखळी आखूड करण्यासाठी झाले.

पायरी ३: टोकाचं दार आणि मधलं दार यांतला फरक पाहा

आयआरटीच्या डब्यात शिरलात की आधी टोकांची दारं पाहा. सबवेच्या पहिल्या डब्यांना एवढीच दारं होती आणि ती गार्ड दांड्याने हातानेच सरकवी. गर्दी अशी उसळली की टोकांकडून चढणं-उतरणं भागेना, म्हणून पहिल्या दशकाच्या अखेरीपासून डब्यांच्या पोटात मधली दारं बसवायला सुरुवात झाली. दादर स्टेशनवर मधल्या दाराशी उभं राहिलेल्या कोणालाही याचं कारण समजावून सांगायला नको.

मधलं दार टोकाला उभ्या असलेल्या गार्डच्या हातापासून लांब असतं. तिथे दांडा पोहोचत नाही. म्हणून हवा आली.

ब्रेकसाठी गाडीत दाबाखालची हवा होतीच. तीच थोडी दारांकडे वळवली. दाराच्या यंत्रात एकाच दांड्यावर दोन दट्ट्या (पिस्टन) असतात, एक लहान आणि एक मोठी. लहान दट्टीवर हवेचा दाब कायम असतो. मोठ्या दट्टीवर हवा सोडली की तिचा जोर जास्त भरतो आणि दांडा एका बाजूला सरकतो. मोठीवरची हवा बाहेर सोडली की लहान दट्टी त्याला परत ढकलते. दांड्यावरचे दाते चाक फिरवतात, चाकाला जोडलेला हात दाराचा पल्ला सरकवतो. हवा सोडायची की अडवायची हे विजेवर चालणारी झडप ठरवते, आणि त्या झडपेला हुकूम देणारा खटका कुठेही बसवता येतो. या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. हाताची पोहोच संपते तिथे तारेची पोहोच सुरू होते. तार डब्यांच्या जोडांतून पलीकडे नेली की एक माणूस अनेक डब्यांची दारं उघडू-मिटू शकतो. आयआरटीने विसाच्या दशकात हेच केलं आणि गाडीवरचे गार्ड झपाट्याने कमी झाले.

पल्ल्याच्या कडेची रबरी किनारही बोटांनी चाचपून पाहा. हवेचा एक गुण असा की ती दबते. पल्ल्यात कोणाचा हात किंवा पिशवी अडकली तर तो थोडा मागे लोटता येतो.

पायरी ४: आर-१ च्या टोकाला बाहेरून पाहा

क्रमांक १०० चा आर-१ हा आयएनडीचा पहिला डबा, आणि तो या संग्रहात आहे. आर-१ ते आर-९ या मालिकेचे एकूण १,७०३ डबे १९३० ते १९४० या काळात बांधले गेले. साधारण ६० फूट लांबी, प्रत्येक बाजूला दोन पल्ल्यांची चार रुंद दारं, छताला उघडे पंखे. १९७७ पर्यंत हे डबे रोजच्या प्रवाशांना नेत होते.

आत बसण्याआधी डब्याच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला जा. तिथे पाय टेकण्यापुरती पायरी आहे, हाताला धरायला कडं आहे आणि कोपऱ्यात एक लहानशी पेटी आहे. दारांचे खटके त्या पेटीत आहेत.

स्टेशन आलं की कंडक्टर, म्हणजे दारं सांभाळणारा इथला गार्ड, दोन डब्यांच्या मधे चढून उभा राही, एक पाय या डब्याच्या पायरीवर, दुसरा त्या डब्याच्या. खाली रूळ. दोन्ही हात दोन बाजूंच्या खटक्यांवर: एका हाताने त्याच्या पुढच्या भागाची सगळी दारं, दुसऱ्याने मागच्या भागाची. उंचावर उभा असल्यामुळे त्याला दोन्हीकडे गाडीची अख्खी बाजू दिसे. बंद करताना साधारणपणे आधी मागचा भाग, मग पुढचा.

सगळ्या गाडीची दारं एकाच जागेवरून चालतात म्हटल्यावर हुकूम कुठून निघतो आणि कुठे थांबतो हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी डब्यात किल्लीने फिरवायचा एक स्विच असतो आणि त्याच्या तीन जागा असतात. कंडक्टर जिथे उभा आहे तिथे ‘चालू’. मधल्या डब्यांत ‘पलीकडे जाऊ द्या’. गाडीच्या टोकांना ‘बंद’. गाडी जोडताना यातला एक जरी चुकीचा राहिला तरी पुढच्या डब्यांची दारं हलत नाहीत. म्युझियममध्ये हा स्विच दिसला तर त्याभोवतीची अक्षरं नक्की वाचा.

मला या सगळ्या मालिकेत सर्वांत मोठं काम त्या कंडक्टरचं वाटतं. पाऊस असो, थंडी असो, उघड्यावर उभं राहून हजार-दीड हजार माणसांच्या हातापायांची काळजी त्याच्या दोन नजरांवर होती: एक डावीकडे, एक उजवीकडे. पन्नासच्या दशकात नव्या डब्यांतून हे खटके केबिनच्या आत गेले आणि त्याला खिडकी मिळाली. त्यासाठी एवढी वर्षं लागायला नको होती.

पायरी ५: दिव्याचा माग काढा

दोरी आणि घंटा गेली, मग निरोप कोण देतं? विजेचं एक वर्तुळ. प्रत्येक दाराशी एक लहान संपर्क असतो, तो पल्ले पूर्ण मिटल्यावरच जुळतो. हे सगळे संपर्क एकामागोमाग एक जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची, अगदी तसंच: एक दार किंचित उघडं राहिलं तरी वर्तुळ तुटतं आणि केबिनमधला दिवा लागत नाही. दिवा लागला याचा अर्थ गाडीतलं एकूण एक दार बंद आहे. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

तरी आवाजी खूण राहिलीच. कंडक्टरकडून बझर दोनदा वाजला की निघा, एकदा लांब वाजला की थांबा. आपल्याकडच्या लोकलमध्येही दोन बेल म्हणजे निघा आणि एक म्हणजे थांबा.

एखादं दार बिघडलं तर सगळी गाडी अडून राहू नये म्हणून ते किल्लीने बाजूला काढता येतं. ते दार मग बंदच राहतं आणि बाकीचं वर्तुळ पुरं होतं.

पायरी ६: मोटरमनच्या केबिनमध्ये डावा हात आणि उजवा हात

केबिन इतकी चिंचोळी असते की धिप्पाड माणूस आत वळू शकत नाही. मधल्या डब्यात केबिनची गरज नसते. म्हणून अनेक जुन्या डब्यांत केबिनचं दार असं फिरवून लावता येतं की यंत्रं झाकली जातात आणि बाकीची जागा प्रवाशांना मिळते. ते दार कोणत्या बिजागरीवर किती फिरतं ते पाहा, फार विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे.

मोटरमनसमोर मुख्य गोष्टी तीन: वेगाचा कंट्रोलर, ब्रेकचा दांडा आणि दिशा ठरवणारी रिव्हर्सर किल्ली. ब्रेकचा दांडा आणि किल्ली काढून नेता येतात. मोटरमन केबिन सोडताना ती सोबत नेतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला गाडी हलवता येत नाही.

कंट्रोलरच्या जागा समजून घ्या. आर-१ डब्याला १९० अश्वशक्तीच्या दोन मोटरी आहेत आणि तिसऱ्या रुळातून साधारण ६०० व्होल्ट येतात. पहिल्या जागेवर दोन्ही मोटरी एकामागे एक जोडलेल्या आणि वाटेत सगळे रोधक (विजेचा प्रवाह अडवणारे भाग), त्यामुळे गाडी नुसती सरपटते. यार्डात डबे जोडताना हीच जागा. दुसऱ्या जागेवर रोधक एकेक करून बाजूला होतात आणि प्रत्येक मोटरला निम्मे, म्हणजे सुमारे ३०० व्होल्ट मिळतात. तिसऱ्या जागेवर मोटरी शेजारी-शेजारी जोडल्या जातात आणि प्रत्येकीला पुरे ६०० व्होल्ट मिळतात. मोटरमनने हँडल थेट शेवटच्या जागेवर नेलं तरी गाडी एकदम उसळत नाही. डब्याखालची यंत्रणा विजेचा प्रवाह पाहत एकेक टप्पा घेते.

मोटरमनच्या हातातला कंट्रोलर मोटरींची वीज स्वतः वाहून नेत नाही, तो फक्त हुकूम पाठवतो. प्रत्येक डब्याखाली त्याची स्वतःची यंत्रणा असते आणि सगळ्या डब्यांना तोच हुकूम एकाच वेळी मिळतो. फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ च्या सुमारास शिकागोच्या एलिव्हेटेड गाड्यांसाठी ही पद्धत बसवली. आपली लोकलही याच तत्त्वावर चालते. आयआरटीच्या सुरुवातीच्या डब्यांत हा हुकूमसुद्धा ६०० व्होल्टचाच असे, म्हणून त्यांना हाय-व्ही म्हणत. मोटरमनच्या मुठीखाली एवढा दाब ठेवणं बरं नव्हे हे ओळखून पुढच्या डब्यांत बॅटरीवरचे ३२ व्होल्ट आले. ते लो-व्ही.

आता कंट्रोलरची मूठ. गाडी चालत असेपर्यंत ती खाली दाबून धरावी लागते. मोटरमनला भोवळ आली, हात सुटला, की मूठ वर उसळते, वीज तुटते आणि आपत्कालीन ब्रेक लागतात. हेच डेडमॅन हँडल.

पायरी ७: ब्रेक, आणि रुळाशेजारचा हात

ब्रेकच्या दांड्याच्या मुख्य जागा अशा: सोडा, धरून ठेवा, लावा आणि आपत्कालीन. गाडीभर एक ब्रेक पाइप जातो. त्यातला दाब कमी केला की ब्रेक लागतात. पाइप कुठे फुटला किंवा डबे सुटले तरी दाब जातो आणि गाडी आपोआप थांबते.

चांगल्या मोटरमनचं कसब थांबण्याच्या शेवटच्या काही फुटांत दिसतं. आधी ब्रेक नीट लावायचे, मग टप्प्याटप्प्याने सैल करायचे आणि गाडी थांबण्याच्या क्षणी जवळजवळ मोकळे सोडायचे. तसं केलं नाही तर उभे प्रवासी आचक्याने एकमेकांवर आदळतात. १९४८ च्या आर-१० पासून ब्रेकची नवी पद्धत आली आणि ही कसरत बरीच सोपी झाली.

रुळाशेजारी, सिग्नलजवळ, एक लहान लोखंडी हात असतो. सिग्नल लाल असेल तर तो उभा राहतो. गाडी तरीही पुढे गेली तर डब्याखालचा ब्रेकचा कॉक (हवेची तोटी) त्यावर आपटून उघडतो आणि गाडी थांबते. याचं महत्त्व कळण्यासाठी एक तारीख सांगायलाच हवी: १ नोव्हेंबर १९१८. ब्रुकलिनमध्ये मोटरमनांचा संप चालू होता आणि या कामाचा नीट सराव नसलेल्या माणसाला गाडी दिली गेली होती. ताशी ६ मैलांची मर्यादा असलेल्या मॅलबोन स्ट्रीटजवळच्या वळणावर ती कितीतरी जास्त वेगाने शिरली. डबे लाकडी होते. नव्वदहून अधिक माणसं गेली. डेडमॅन हँडल तिथे कामाला आलं नसतं, कारण मोटरमन शुद्धीवर होता आणि मूठ दाबलेलीच होती. धोक्याच्या वळणांवर आणि उतारांवर गाडीने ठरलेला वेळ घेतल्याशिवाय सिग्नल हिरवा होणारच नाही, अशी व्यवस्था या अपघातानंतर वाढत गेली.

पायरी ८: चालत्या जुन्या गाडीत

उभा डबा समजला की चालता अनुभवावा. डिसेंबरच्या सुट्ट्यांच्या दिवसांत आर-१ ते आर-९ डब्यांची गाडी काही ठरावीक दिवशी नेहमीच्या मार्गावर नेहमीच्याच भाड्यात धावते. तारखा आणि स्टेशनं आधी पाहून ठेवा आणि पहिल्या स्टेशनवर लवकर पोहोचा, गर्दी खूप होते.

एक फेरी अगदी पुढच्या डब्यात करा. टोकाच्या दाराच्या काचेतून बोगदा, सिग्नल आणि तो लोखंडी हात दिसतो. सिग्नल हिरवा होताना हात खाली पडतो, ते बघायला चुकू नका. दुसरी फेरी गाडीच्या मध्यावर, जिथे कंडक्टर दोन डब्यांच्या मधे चढतो त्याच्या जवळच्या दाराशी. दारं उघडताना आधी हवेचा फुसकारा येतो, मग पल्ले हलतात. बंद होताना मागचा भाग आधी जातो का ते ऐका. मग बझर, आणि त्यानंतर गाडीखालची टप्प्याटप्प्याने होणारी टकटक. दातेरी चाकांचा घुमणारा सूर वेगाबरोबर वर चढतो. मोटरींची जोडणी बदलताना जोर क्षणभर ओसरतो आणि पुन्हा येतो. कान सरावले की हँडल कोणत्या जागेवर आहे ते न पाहता सांगता येतं.

तिसऱ्या रुळात खंड आला की दिवे जातात. घाबरू नका. पाच-पाच बल्ब एकामागे एक जोडून ६०० व्होल्टवर लावलेले असतात, म्हणून पुरवठा तुटला की मुख्य दिवे एकदम विझतात आणि बॅटरीवरचे मोजके उरतात. या बल्बांचे आटे उलटे असतात, चोरून नेले तरी घरच्या होल्डरमध्ये बसू नयेत म्हणून. लहान मुलं सोबत असतील तर छताच्या पंख्यांकडे लक्ष ठेवा. त्यांची पाती उघडी आणि धातूची आहेत, मुलाला खांद्यावर घ्यायचं नाही.

परतीला आजची नेहमीची गाडी पकडाल तेव्हा फलाटाच्या मध्यावर उभे राहा. तिथे वर काळे-पांढरे पट्टे असलेली एक फळी टांगलेली असते. गाडी थांबली की कंडक्टर खिडकीतून त्या फळीकडे बोट दाखवतो आणि मगच दारं उघडतो. आपण नेमक्या जागी थांबलोय, सगळी दारं फलाटालाच लागली आहेत, याची ती खातरजमा. ही सक्ती १९९६ पासून आहे.

ज्यांना सबवेच्या अगदी सुरुवातीचा डबा पाहायचाय त्यांनी मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टचं सीशोअर ट्रॉली म्युझियम गाठावं. आयआरटीचा पोलादी बांधणीचा १९०४ चा गिब्स डबा तिथे जपलेला आहे. न्यूयॉर्कहून जवळचं हवं असेल तर कनेटिकटमधल्या ईस्ट हेवनचं शोर लाइन ट्रॉली म्युझियम आहे, तिथेही न्यूयॉर्कचे जुने सबवे डबे आहेत. अशा ठिकाणी स्वयंसेवक असतात आणि त्यांना प्रश्न विचारलेले मनापासून आवडतात. गर्दी नसलेल्या वेळी जा आणि दार हाताने चालवून दाखवता का, खटक्याची पेटी उघडून दाखवता का, असं सरळ विचारा.